हट्टी ऑइल सील काढताना

ड्राइव्ह शाफ्टजवळचे, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याजवळचे, ऑइल सील (तेल गळू न देणारी रबरी कडी) उष्णतेने कडक झाले की उचकटूनही हलत नाही, आणि नेमका अशा वेळी लावलेला जोर महागात पडतो, कारण सील स्वस्त असते, पण शाफ्टवर किंवा सील ज्यात बसते त्या हाउसिंगच्या आतल्या भिंतीवर ओरखडा पडला तर नवे सीलही गळतच राहते.

गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता स्टँडवर घ्यावी, गिअर ऑइल काढावे, शाफ्ट बाहेर घ्यावा आणि सील किती खोल बसले आहे ते मोजून ठेवावे.

रबराखाली पत्र्याची कडी असते. तिच्यात 2 मिलिमीटरच्या ड्रिलने समोरासमोर दोन भोके पाडावीत. ड्रिलच्या टोकाला ग्रीस फासले की बराचसा चुरा त्यातच अडकतो. पत्रा भेदल्याचे हाताला जाणवताच थांबावे, कारण मागे बेअरिंग असू शकते. मग भोकांत पत्र्यात बसणारे स्क्रू दोन-तीन आटे फिरवून ते पकडीने आळीपाळीने ओढावेत. एकाच बाजूने ओढल्यास सील तिरके होऊन अधिकच रुतते. ओठामागची (शाफ्टला टेकणाऱ्या रबरी कडेमागची) बारीक स्प्रिंग सीलसोबत बाहेर आली ना, हे अवश्य पाहावे.

जुने सील फेकू नये. त्यावर 35-50-8 असे आकडे असतील, तर ते आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये सांगतात. सातपूर-अंबडच्या कारखानदारीमुळे नाशकात बेअरिंग-सीलच्या दुकानदारांना हीच भाषा चटकन कळते. गाडीचे मॉडेल सांगत बसण्यापेक्षा ते बरे.