घड्याळातली रेष: धावताना रूट नेव्हिगेशन कसं वापरायचं

नेव्हिगेशन चालू असताना धावण्याचं घड्याळ मुळात एकच हिशेब करत असतं: तुम्ही आत्ता जिथे आहात तिथून रूटच्या रेषेचा सगळ्यात जवळचा भाग कुठला, आणि तो किती मीटरवर आहे. वळणाची सूचना, 'ऑफ कोर्स'चा, म्हणजे रेष सुटल्याचा इशारा, शिल्लक अंतर हे सगळं त्यावरच चालतं. घड्याळ कुठे फसेल तेही याच हिशेबावरून ओळखता येतं.

मोड कुठला कधी

सगळ्यात जास्त वापरायचा तो कोर्स किंवा रूट मोड. आधी आखलेली रेष घड्याळात असते आणि आपण तिच्यावरून धावतो. घड्याळात नकाशा असेल तर रेष रस्त्यांवर दिसते. नसेल तर कोऱ्या पडद्यावर रेष आणि बाण, बस. नकाशा रूटसोबत आपोआप येत नाही. त्या भागाचा ऑफलाइन नकाशा वेगळा उतरवून घ्यावा लागतो, तोही आदल्या दिवशी, कारण फाइल मोठी असते.

'बॅक टू स्टार्ट' दोन प्रकारचं असतं आणि त्यातला फरक महागात पडू शकतो. एक प्रकार आलेल्या वाटेनेच परत नेतो. दुसरा सुरुवातीच्या जागेकडे सरळ बाण दाखवतो, मग मध्ये ओढा असो की कडा. मोकळ्या मैदानात सरळ बाण चालतो, डोंगरात आलेली वाटच बरी. मात्र ती वाट रेकॉर्डिंगमधून तयार होते. मध्येच रेकॉर्डिंग थांबवून अर्धा किलोमीटर पुढे गेलात, तर तेवढा तुकडा तिच्यात नसतो.

सेव्ह केलेल्या एखाद्या जागेकडे जाण्याचा मोडही असाच सरळ बाणाचा. पाण्याची जागा किंवा गाडी लावलेली जागा सापडण्यापुरता तो ठीक.

फाइल बनवताना

धावताना होणाऱ्या बऱ्याच चुकांचं मूळ फाइलमध्ये असतं. आखलेली रेष साठवणाऱ्या जीपीएक्स या प्रकारच्या फाइलमध्ये ती दोन तऱ्हेने असू शकते. 'ट्रॅक'मध्ये बिंदू दाट असतात, तर 'रूट'मध्ये मोजकेच. वीस-पंचवीस बिंदूंचा रूट थेट घड्याळात टाकला तर दोन बिंदूंमधली रेष शेतातून, घरांतून सरळ जाते आणि ऑफ कोर्सचा इशारा थांबत नाही. म्हणून रूट आखायच्या अ‍ॅपमधून, म्हणजे प्लॅनरमधून, फाइल निर्यात करताना ट्रॅक घ्या. जीपीएक्स ट्रॅकमध्ये वळणांच्या सूचनांची ठरलेली जागा नाही. टीसीएक्स आणि फिट या दुसऱ्या प्रकारच्या फाइलींमध्ये ती आहे. जीपीएक्स टाकूनही वळणं मिळत असतील तर ती घड्याळाने किंवा अ‍ॅपने स्वतः शोधलेली असतात, त्यामुळे रस्ता नुसता वाकला तरी 'उजवीकडे वळा' येतं आणि खरा फाटा कधी गुपचूप निघून जातो.

आखताना प्रत्येक फाट्यावर झूम करून रेष नेमक्या वाटेवर आहे का ते बघा. नागमोडी चढावर तर नक्कीच, कारण बिंदू कमी पडले की सगळी वळणं कापली जातात. नकाशात नसलेल्या पायवाटेवर प्लॅनर लांबचा डांबरी रस्ता धरतो. तेवढ्या भागापुरतं हाताने आखण्याचा पर्याय चालू करायचा. महत्त्वाच्या फाट्यांसाठी स्वतःचे कोर्स पॉइंट, म्हणजे घड्याळाने सूचना द्यायच्या खुणा, टाका, पण वळणाच्या २५ ते ३० मीटर आधी. किलोमीटरला ५ मिनिटं या वेगाने माणूस सेकंदाला साधारण ३.३ मीटर धावतो. म्हणजे मनगटाकडे बघून ठरवायला आठ-नऊ सेकंद मिळतात. पॉइंटचं नाव छोटं ठेवा, कारण लांब नावं पडद्यावर कापली जातात. घड्याळाच्या फाँटमध्ये देवनागरी नसेल तर नुसते चौकोन दिसतील, तेव्हा आधी एक नाव टाकून बघा, नाहीतर रोमन अक्षरं वापरा.

घड्याळात चढवणं आणि सुरू करणं

गार्मिन कंपनीच्या पाच बटणांच्या घड्याळाचं उदाहरण घेऊ. फोनवर जीपीएक्स फाइल गार्मिन कनेक्ट या अ‍ॅपमध्ये उघडून कोर्स म्हणून सेव्ह करा आणि तिथूनच घड्याळाला पाठवा. घड्याळावर 'रन' उघडा, पण सुरू करू नका. डावीकडचं मधलं बटण दाबून धरा, नेव्हिगेशनमधून कोर्सेसमध्ये जा, कोर्स निवडा आणि 'डू कोर्स' करा. जीपीएस लागलं की मग स्टार्ट. बाकीच्या कंपन्यांत नावं बदलतात, क्रम साधारण हाच: आधी खेळ, मग रूट, मग सिग्नल, शेवटी स्टार्ट.

निघण्याच्या दिवशी घड्याळ एकदा फोनशी सिंक करा. त्यात उपग्रह पुढे कुठे असतील याची माहिती उतरते आणि सिग्नल पटकन लागतो. ती नसेल तर प्रत्येक उपग्रहाकडून त्याच्या कक्षेची माहिती थेट घ्यावी लागते. उपग्रह ती दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवतो. झाडाखाली किंवा इमारतीला चिकटून उभं राहिलं की ती मध्येच तुटते आणि घड्याळाला पुढच्या फेरीची वाट बघावी लागते. मोकळ्यावर दोन मिनिटं उभं राहणं स्वस्त.

सिग्नलच्या सेटिंगमध्ये बॅटरी वाचवणारे मोड नेव्हिगेशनचे वैरी आहेत. काही अल्ट्रा मोड मिनिटातून एकदाच जागा घेतात. किलोमीटरला ६ मिनिटांच्या वेगाने तेवढ्यात तुम्ही १६७ मीटर गेलेले असता, म्हणजे फाटा चुकल्याचं घड्याळाला कळेपर्यंत तो नजरेआड. वाट अनोळखी असेल तर दर सेकंदाची नोंद ठेवा. उंच इमारती आणि कड्यांच्या मधून जायचं असेल तर ड्युअल बँड लावा. त्यात १५७५.४२ मेगाहर्ट्‌झच्या जोडीला ११७६.४५ मेगाहर्ट्‌झचा सिग्नलही वापरला जातो, आणि भिंतीवर आपटून आलेला सिग्नल ओळखायला त्याची मदत होते. बॅटरी वाचवायचीच असेल तर नकाशाचं पान सतत उघडं ठेवू नका, बॅकलाइट कमी करा. वळणाचा कंप आला की तेवढ्यापुरतं बघितलं तरी पुरतं.

फाट्यावर उभं राहिल्यावर

जीपीएसला दिशा कळते ती तुमच्या हालचालीवरून. थांबलात की ती माहिती बंद होते आणि घड्याळ आतल्या होकायंत्रावर जातं. होकायंत्र कॅलिब्रेट केलेलं, म्हणजे नीट जुळवून घेतलेलं, नसेल तर नेमक्या गोंधळाच्या क्षणी नकाशा भलतीकडे फिरतो. निघण्यापूर्वी लोखंड आणि चुंबकापासून लांब उभं राहून मनगट इंग्रजी आठच्या आकारात काही वेळा फिरवून कॅलिब्रेशन उरकून घ्या (चुंबकाचा पट्टा असेल तर तोही लक्षात घ्या). तरीही शंका आली तर उभ्याने नकाशा वाचत बसू नका. एका वाटेने दहा-पंधरा पावलं चाला, बाण आपोआप सरळ होतो.

ऑफ कोर्सचा इशारा आला की आधी रेषेपासूनचं अंतर वाढतंय की तेवढंच आहे ते बघा. तुम्ही रेषेला समांतर, वीसेक मीटर बाजूला धावताय आणि अंतर स्थिर आहे, तर बहुधा रेषच ढोबळ आखलेली आहे किंवा सिग्नल सरकलाय. चालू द्या. अंतर वाढत असेल तर तिथेच थांबा आणि मागे फिरून नुकताच सुटलेला फाटा गाठा. रेषेकडे रानातून तिरकं जाण्याचा मोह मात्र होऊ देऊ नका.

पुन्हा मार्ग काढण्याचा पर्याय, म्हणजे रिकॅल्क्युलेट, शर्यतीत आणि डोंगरात बंदच ठेवा. वाट चुकल्यावर काही घड्याळं मूळ रेष सोडून पुढच्या टप्प्याकडे किंवा थेट शेवटाकडे स्वतःचा रस्ता काढतात, आणि मधला भाग गळाल्याचं लक्षातही येत नाही.

त्याच वाटेने जाऊन परत यायचं असेल, एकाच वर्तुळाच्या अनेक फेऱ्या असतील, किंवा रेष स्वतःलाच छेदत असेल, तिथे सुरुवातीचा हिशेब गडबडतो. जवळचा भाग एकाच वेळी दोन असतात. घड्याळ कधी परतीच्या भागावर उडी मारतं आणि शिल्लक अंतर एकदम घटतं. उपाय साधा आहे: जाण्याची आणि येण्याची फाइल वेगळी ठेवा, फेऱ्यांसाठी एकाच फेरीची.

पुढचे चढ दाखवणारं घड्याळातलं पान फाइलमधल्या उंचीवर चालतं, तुमच्या पायांखालच्या नाही. खोल दरीवरच्या पुलावर प्लॅनर कधी दरीच्या तळाची उंची घेतो आणि सपाट पुलावर घड्याळ चढ जाहीर करतं. असा चढ दिसला तर दुर्लक्ष करा.

हे सगळं पहिल्यांदा अनोळखी वाटेवर करून बघू नका. पाठ असलेल्या रस्त्यांवर दोन-तीन किलोमीटरचा रूट आखा, धावा, आणि एका फाट्यावर मुद्दाम चुकीचं वळण घ्या. मनगट थरथरेपर्यंत किती सेकंद गेले ते मोजा आणि सेकंदाच्या मीटरांनी गुणा. बारा सेकंद लागले तर ५ मिनिटांच्या वेगाला ४० मीटर. फाटा मागे पडल्यावर तुमचं घड्याळ तेवढं उशिरा बोलतं.