रेंज नसलेल्या खोलीतही फोन लागावा म्हणून

जाड भिंतींच्या घरात, तळघरात, लिफ्टशेजारच्या केबिनमध्ये मोबाइलची रेंज जाते आणि वाय-फाय मात्र पूर्ण दांड्या दाखवत असतं. तिथले लोक खिडकीशी जाऊन, नाहीतर जिन्यात उभं राहून बोलतात. मी ऑफिसांमध्ये राउटर आणि केबल बसवायचं काम करते, त्यामुळे असं बोलणारी माणसं मला रोज दिसतात. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्ये वाय-फाय कॉलिंगची सोय असतेच, फक्त ती कुणी चालू केलेली नसते. चालू करायला दोन मिनिटंही लागत नाहीत. मात्र ती नीट चालते की नाही हे तपासणं आणि घरचं वाय-फाय त्या लायकीचं करणं हे खरं काम आहे, म्हणून त्यावर मी जास्त लिहिणार आहे.

आधी हे काय आहे ते बघू. हा कॉल आपल्या नेहमीच्या डायलरमधून, आपल्याच नंबरवरून जातो. समोरच्याकडे साधा फोन असो की लँडलाइन, त्याला काहीच करावं लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या कॉलला दोन्हीकडे तेच अ‍ॅप आणि नेट लागतं, इथे तसं नाही. तुमचा आवाज टॉवरऐवजी तुमच्या राउटरवरून इंटरनेटने सिम कंपनीच्या गेटवेपर्यंत, म्हणजे तिच्या नेटवर्कच्या प्रवेशद्वारापर्यंत, जातो आणि तिथून पुढे नेहमीच्या वाटेने. त्या गेटवेपर्यंत फोन एक कूटबद्ध बोगदा, म्हणजे बाहेरच्याला आतलं काही वाचता न येणारी बंद वाट, तयार करतो आणि त्यासाठी तुमची ओळख सिम कार्डच्या आधारे पटवली जाते. म्हणून सिम फोनमध्ये हवंच. कॉफी शॉपच्या वाय-फायवरून बोललात तरी त्याच वाय-फायवर बसलेल्या दुसऱ्या कुणाला तुमचं बोलणं ऐकता येत नाही, तेही या बोगद्यामुळेच. बिलाच्या बाबतीत बहुतेक प्लॅनमध्ये हा साधा कॉलच धरला जातो. परदेशात जाणार असाल तर मात्र निघण्यापूर्वी कंपनीला विचारून घ्या, कारण तिथल्या वाय-फायवरून कॉल करू द्यायचा की नाही आणि त्याचे पैसे कसे लावायचे, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते.

आता चालू करू. सगळ्यात आधी व्होल्टे, म्हणजे ४जी कॉलिंग, चालू आहे का ते बघा. काही फोनमध्ये हा पर्याय दिसतच नाही, तिथे तो मुळातच चालू असतो. हे आधी बघायचं कारण असं की वाय-फाय कॉल आणि व्होल्टे कॉल कंपनीकडे एकाच यंत्रणेवर चालतात. बोलता बोलता तुम्ही दाराबाहेर पडलात आणि वाय-फाय सुटलं, तर चालू कॉल व्होल्टेवर सरकतो. व्होल्टे बंद असेल तर तो तिथेच तुटतो.

पुढचा रस्ता फोनगणिक थोडा बदलतो. पिक्सेलमध्ये सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क आणि इंटरनेट', मग 'सिम', मग तुमचं सिम निवडून खाली 'वाय-फाय कॉलिंग'. सॅमसंगमध्ये 'कनेक्शन्स' उघडलं की तिथेच ते असतं. शाओमीत सिम कार्ड आणि मोबाइल नेटवर्कच्या पानावर सिम निवडा, तिथे 'वाय-फाय वापरून कॉल करा' अशा अर्थाचं बटण मिळेल. वनप्लस, ओप्पो, रिअलमी यांच्यात मोबाइल नेटवर्कच्या पानावर सिमच्या आत. आवृत्ती बदलली की ही पानं इकडची तिकडे होतात, म्हणून मी रस्ता पाठ करत बसत नाही. सेटिंग्जच्या वर शोधायची जागा असते, तिथे 'वाय-फाय कॉलिंग' टाइप करते. थेट त्या बटणावर नेऊन सोडतं.

फोनमध्ये दोन सिम असतील तर दोन्हींसाठी बटण वेगवेगळं असतं. एकाचं चालू केलं म्हणून दुसऱ्याचं होत नाही. घरातल्यांचे कॉल एका नंबरवर आणि बँकेचे दुसऱ्यावर येत असतील तर दोन्हीकडे जाऊन चालू करा.

बटण दिसलंच नाही तर? वाय-फाय कॉलिंग चालायला सिम कंपनीने त्या विशिष्ट मॉडेलला परवानगी दिलेली असावी लागते आणि फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या कंपनीची माहिती असावी लागते. आधी सिस्टिम अपडेट करा, फोन बंद करून चालू करा. दुसऱ्या देशातून आणलेल्या फोनमध्ये इथल्या कंपनीची माहिती नसण्याची शक्यता बरीच असते. त्यानंतरही दिसलं नाही तर कंपनीच्या ग्राहक सेवेला दोन प्रश्न विचारा: माझ्या नंबरवर ही सेवा सुरू आहे का, आणि माझं हे मॉडेल तुमच्या यादीत आहे का. नुसतं 'कॉल लागत नाही' म्हणालात तर ते तुम्हाला टॉवरच्या तक्रारीत अडकवतील.

बटणाच्या आत बऱ्याच फोनमध्ये प्राधान्य विचारलेलं असतं: वाय-फायला की मोबाइल नेटवर्कला. घरात रेंज अगदीच नाही, किंवा एक दांडी येते आणि जाते, अशांनी वाय-फायला प्राधान्य द्यावं. ती येणारी-जाणारी एक दांडीच सगळ्यात त्रासदायक असते. मोबाइल नेटवर्कला प्राधान्य असेल तर फोन त्या एका दांडीला चिकटून बसतो, आवाज तुटत राहतो आणि शेजारी चांगलं वाय-फाय असून तो तिकडे वळत नाही. रेंज चांगली असेल तर मोबाइललाच प्राधान्य राहू द्या.

आता तपासणी, जी लोक करतच नाहीत. एअरप्लेन मोड चालू करा. त्याने वाय-फायही बंद झालं तर तेवढं परत चालू करा. मिनिटभर थांबा. वरच्या पट्टीत व्होवायफाय (वाय-फाय कॉलिंगचंच छोटं नाव) असं किंवा रिसीव्हरशेजारी वाय-फायच्या लहरी असं चिन्ह येईल, काही फोनमध्ये कंपनीच्या नावापुढेच वाय-फाय लिहिलेलं येतं. आता कुणालातरी फोन लावा, मग त्यांना उलट लावायला सांगा. टॉवरशी फोनचा काहीही संबंध उरलेला नसताना कॉल गेला आणि आलाही, तर काम झालं. नुसतं चिन्ह बघून समाधान मानू नका, येणारा कॉल तपासाच. याच अवस्थेत एक एसएमएसही मागवून बघा. बऱ्याच कंपन्यांचे एसएमएस या वाटेने येतात, आणि ओटीपीसाठी जिन्यात धावावं लागणार की नाही ते तेव्हाच कळतं.

माझ्या आत्याची खोली घराच्या मागच्या बाजूला, मध्ये दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट. तिचा फोन मी असाच लावून दिला. एअरप्लेन मोडमध्ये मी तिच्या पलंगावर बसून तिचाच फोन तिच्या हातात दिला आणि मग बाहेर जाऊन माझ्या फोनवरून तिला कॉल केला. "अगं, विमानाचं चित्र आहे की यावर, वाजतोय कसा?" म्हणाली. आवाज स्वच्छ होता. मग तिला म्हटलं, "आत्या, बोलत बोलत कपाटापर्यंत ये." कपाटाच्या पुढे दोन पावलं टाकली आणि तिचा आवाज खरखरायला लागला, वाक्यातला मधला शब्द गायब व्हायला लागला. म्हणजे कॉलिंगची सेटिंग बरोबर होती, वाय-फाय पोचत नव्हतं. राउटर पुढच्या खोलीत टीव्हीच्या मागे, जमिनीलगत ठेवलेला होता. तो तिथून काढून मधल्या दारावरच्या फळीवर ठेवला. तीच फेरी तिला परत मारायला लावली, शब्द गळायचे थांबले.

हे इतकं खोलात सांगण्याचं कारण आहे. वाय-फाय कॉलच्या तक्रारींमध्ये मला सापडणारं मूळ बहुतेक वेळा वेगाचं नसतं. आवाजाला वेग अगदी थोडा लागतो, एका दिशेला शंभर केबीपीएससुद्धा नाही. एक मिनिट बोलण्यात साधारण एक एमबीच्या आसपास डेटा जातो. पण तो आवाज सेकंदाला पन्नास पाकिटांत तोडून पाठवलेला असतो आणि प्रत्येक पाकीट वेळेवर पोचावं लागतं. व्हिडिओचं पाकीट उशिरा आलं तर व्हिडिओ थोडा साठा करून पुढे चालतो. बोलण्यात साठा करायला सवड नसते, उशिरा आलेलं पाकीट टाकूनच द्यावं लागतं. बोलणं सहज वाटायचं तर एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. म्हणून स्पीड टेस्टचा मोठा आकडा दाखवून कुणी म्हणालं की नेट फास्ट आहे, तरी मी आधी फोन घेऊन घरभर चालून बघते.

दूरच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय भिंतींत दमतं, तिथे २.४ गिगाहर्ट्झचं जास्त पोचतं. राउटरच्या जवळ, गर्दीच्या इमारतीत, उलट ५ बरं. रिपीटर, म्हणजे वाय-फाय पुढच्या खोलीपर्यंत पोचवणारा डबा, लावला असेल तर एक गोष्ट नक्की बघा: तो राउटर मोडमध्ये न ठेवता अ‍ॅक्सेस पॉइंट किंवा रिपीटर मोडमध्ये ठेवा. राउटर मोडमध्ये प्रत्येक खोलीत फोनला नवा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) मिळतो, बोगदा नव्याने बांधावा लागतो, आणि चालता चालता कॉल पडतो. आणि आवाज ठरावीक वेळीच तुटत असेल, तर त्या वेळी घरातला कुठला फोन फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढवतोय का ते बघा. अपलोड भरलं की आवाजाची पाकिटं रांगेत मागे राहतात. राउटरमध्ये क्यूओएस (कुठल्या डेटाला आधी जाऊ द्यायचं ते ठरवणारी सेटिंग) असेल तर त्यात आवाजाला पुढे काढता येतं, नसेल तर बॅकअप रात्री होऊ द्या.

आता समजा वाय-फाय उत्तम आहे, बटण चालू आहे, तरी चिन्ह येतच नाही. इथे मी दुसऱ्या फोनचं हॉटस्पॉट लावून बघते, अर्थात जिथे त्या दुसऱ्या फोनला रेंज आहे अशा जागी. हॉटस्पॉटवर चिन्ह आलं तर फोन आणि सिम ठीक आहेत, अडथळा राउटरचा किंवा त्या नेटचा आहे. वाय-फाय कॉलिंगचा बोगदा यूडीपी ५०० आणि ४५०० या पोर्टांवरून, म्हणजे डेटा ये-जा करायच्या क्रमांकित दारांतून, जातो. ऑफिसच्या फायरवॉलमध्ये ही दोन पोर्टं बाहेरच्या दिशेला सर्रास बंद असतात, तिथल्या नेटवर्कवाल्याला नेमके हे दोन आकडेच सांगा, म्हणजे त्याला लगेच समजेल. घरच्या राउटरच्या सुरक्षेच्या पानावर 'आयपीसेक पासथ्रू' (असा बोगदा राउटरमधून जाऊ देणारी सेटिंग) असं काही दिसलं तर ते चालू ठेवा. राउटरवरच व्हीपीएन लावलेलं असेल तर तुम्ही भलत्याच देशात बसल्यासारखे दिसता आणि काही कंपन्या तिथून नोंदणीच करू देत नाहीत. हॉटेल किंवा स्टेशनच्या वाय-फायवर आधी ब्राउझरमध्ये लॉग-इनचं पान पूर्ण करावं लागतं, तोवर वाय-फाय जोडलेलं दिसलं तरी आत काही जात नाही.

हॉटस्पॉटवरही चिन्ह आलं नाही, तर डायलरमध्ये *#*#४६३६#*#* लावा. पिक्सेलवर आणि इतर बऱ्याच फोनवर एक चाचणीचं पान उघडतं. त्यात फोनच्या माहितीत वरच्या कोपऱ्यातल्या मेनूतून आयएमएस सेवेची, म्हणजे व्होल्टे आणि वाय-फाय कॉल ज्या यंत्रणेवर चालतात तिची, स्थिती बघा. नोंदणी झालेली नाही असं दिसलं तर गोष्ट बहुधा कंपनीच्या बाजूची आहे, आणि ग्राहक सेवेला तुम्ही नेमकं हेच वाक्य सांगू शकता. त्या पानावरची बाकीची बटणं मात्र हलवू नका.

आपत्कालीन कॉलबद्दल मला कळकळीने सांगायचंय. ११२ सारखा नंबर लावला की फोन सहसा आधी मोबाइल नेटवर्क शोधतो, तेच बरंही आहे, कारण टॉवरवरून तुमची जागा कळायला मदत होते. वाय-फायवरून कॉल गेला तर पलीकडे तुमची जागा चुकीची दिसू शकते, किंवा दिसणारही नाही. काही ठिकाणी म्हणूनच हे चालू करताना पत्ता भरून घेतात. तिथे खरा पत्ता भरा, घर बदललं की तोही बदला. आणि कॉल कुठूनही लागलेला असो, तोंडाने आधी पत्ता सांगा, काय झालंय ते नंतर. घरातल्या मुलांना आणि म्हाताऱ्यांना हा क्रम सांगून ठेवा.

शेवटचं काम राउटरच्या विजेचं. ज्या खोलीत रेंजच नाही, तिथे वीज गेली की वाय-फाय जातं आणि त्याच्याबरोबर फोनही मुका होतो. राउटरसाठी छोटे डीसी यूपीएस मिळतात. घेताना तुमच्या अडॅप्टरवर लिहिलेला व्होल्ट आणि अँपिअरचा आकडा बघा, व्होल्ट तंतोतंत तोच हवा, अँपिअर तेवढे किंवा जास्त. फायबरचा डबा राउटरपासून वेगळा असेल तर त्यालाही त्याच यूपीएसवर घ्या, नाहीतर राउटर चालू राहील आणि नेट मात्र गेलेलं असेल. एकदा मुद्दाम घरातल्या विजेचं मुख्य बटण बंद करून, एअरप्लेन मोडमध्ये, एक कॉल लावून बघा.