नातवाचं नाव गावच्या शाळेतून काढू नका

घरात नातू किंवा नात तिसरीत असेल आणि नवोदयचा विषय निघाला असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. नवोदय म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा. पाचवीत असताना परीक्षा द्यायची आणि नंबर लागला की तिथं सहावीला प्रवेश मिळतो. देशातल्या पहिल्या दोन नवोदय शाळांपैकी एक १९८५-८६ साली आपल्या अमरावतीत सुरू झाली. आमच्या वर्धा जिल्ह्याची सेलूकाट्याला आहे. माझा नातू तिथं जावा, असं मला फार वाटायचं.

तो अडीच वर्षांचा असताना माझ्याकडे आला. मुलगा-सून पुण्याकडे कंपनीत कामाला, आणि मी गावात अंगणवाडी सेविका. माझ्याच सतरंजीवर बसून तो अक्षरं शिकला. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, सुतारानं बाभळीचा नंदी करून दिला होता. तो ओढत घरोघरी जायचा आणि बोजाऱ्याचे, म्हणजे नंदी पाहून लोकांनी दिलेले, पैसे आणून माझ्या ओच्यात ओतायचा. मग एक-एक नाणं वेगळं लावायचं, रुपये इकडं, दोनचे तिकडं. बेरीज तो पाटीवर नाही, त्या नाण्यांवर शिकला. भाकर मोडून दिली की तुकडे ताटात पुन्हा गोल जुळवत बसायचा. "आजी, हा उलटा केला त इथं बसते," म्हणायचा. पुढं नवोदयच्या जुन्या प्रश्नपत्रिकेत अर्धवट आकृती पूर्ण करायचा प्रश्न पाहिला आणि मला ती भाकरच आठवली.

आता चूक सांगते. ती नीट वाचा, दोनदा वाचा.

तो चौथीत गेला त्या जूनमध्ये जवळचे एक पाहुणे म्हणाले, "गावात काय शिकन पोट्टं? आर्वीले टाका, तिथं नवोदयचा क्लास हाय." मी ऐकलं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून दाखला काढला, आर्वीतल्या एका शाळेत नाव घातलं आणि भाच्याच्या खोलीवर त्याला ठेवलं. पोराचं तिथं मन लागेना. जेवण कमी झालं, शनिवारी एसटीतून उतरला की माझा पदर सोडत नसे. दिवाळीला परत आणलं आणि पुन्हा गावच्या शाळेत नाव घातलं. संपलं, असं मला वाटलं.

पाचवीत अर्ज भरायची वेळ आली. तेव्हा अर्ज कागदी होता, त्यावर मुख्याध्यापकांची सही लागायची. सरांनी दाखल-खारीज रजिस्टर उघडलं, बोट खाली नेलं आणि एका ओळीवर थांबले. "बाई, चौथीत जूनपासून दिवाळीपर्यंत हा आर्वीत होता ना?" मी हो म्हणाले. त्यांनी रजिस्टर मिटलं आणि चष्मा काढून ठेवला.

नियम असा आहे. नवोदयच्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी असतात. पण ग्रामीण म्हणजे तुमचं घर खेड्यात आहे एवढं पुरत नाही. तिसरी, चौथी आणि पाचवी, ही तिन्ही वर्षं पूर्णच्या पूर्ण ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत झाली पाहिजेत. त्यात एक दिवस जरी शहरातल्या शाळेत नाव असलं, तरी मूल शहरी धरतात. सातबारा दाखवून, रेशनकार्ड दाखवून काही होत नाही. आर्वीला नगरपरिषद आहे, म्हणजे ते शहर. तुमच्या शाळेचं गाव नगरपंचायतीत गेलं असेल, तर तेही आधी विचारून घ्या. शिवाय ही परीक्षा सहावीच्या प्रवेशासाठी एकदाच देता येते. पुढच्या वर्षी पाहू, हा रस्ताच नाही.

२०१४ साली तो शहरी म्हणून परीक्षेला बसला. यादीत नाव आलं नाही. ग्रामीणमधून लागलाच असता, असं मी म्हणत नाही. पण त्याचा तो हक्क माझ्या हातानं गेला. "आजी, माह्यं काय चुकलं?" असं त्यानं विचारलं तेव्हा मला खरं सांगता आलं नाही. दहावीनंतर सांगितलं. तो काही बोलला नाही, माझ्याजवळ बसून राहिला.

म्हणून क्लासवाल्यांवर माझा विश्वास नाही. नाव काढून आणा म्हणणाऱ्यावर तर मुळीच नाही. तुमच्या शाळेत एखादे गुरुजी मुलाला चुकू देत असतील आणि चूक कुठं झाली ते शेजारी बसून दाखवत असतील, तर तेवढं पुरे. आता परीक्षेत ८० प्रश्न, १०० गुण आणि दोन तास असतात. त्यातले ४० प्रश्न, म्हणजे ५० गुण, एकट्या मानसिक क्षमता चाचणीचे, सगळे आकृत्यांचे. अंकगणिताचे २० आणि भाषेचे २०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू देऊ नका. आरशातली आकृती समजत नसेल तर कपाटाच्या आरशासमोर कागद धरा. शिकवणी लागत नाही त्याला.

आणि नाही लागला नंबर, तर घाबरू नका. माझं पोट्टं गावाजवळच्याच हायस्कुलात शिकलं, सकाळी माझ्यासोबत पऱ्हाटीत कापूस वेचून शाळेत गेलं. पुढं अकोल्याच्या कृषी विद्यापीठात पदवीला लागलं. सुट्टीत आला की पहिल्यांदा वावरात जातो आणि बोंडअळी पाहून मला तिचं नाव सांगतो.

त्याची धाकटी बहीण आता माझ्याकडे आहे, चौथीत. जूनमध्ये पुन्हा एकानं आर्वीचं नाव काढलं. मी चहा दिला आणि नाही म्हणाले. तान्ह्या पोळ्याला भावाच्या त्याच नंदीला नवी चाकं लावून तिनं तो गावभर ओढला. बोजाऱ्याचे एकवीस रुपये जमले, ते माझ्या ओच्यात ओतले आणि वेगळे लावत बसली.