फौजदारी वकिली सुरू करताय? आधी रिमांडला उभे राहा

सनद हातात पडली की ज्युनिअर विचारतात, दिवाणीला बसू की फौजदारीला? फौजदारी म्हटलं की घरचे नाक मुरडतात. ‘चोरांची वकिली करणार का?’ हे लग्नकार्यात हमखास ऐकावं लागतं. त्यावर वाद घालत बसू नका. सनदेचा खर्च तरी आता आवाक्यात आलाय. सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये बजावल्यापासून बार कौन्सिलला खुल्या प्रवर्गाकडून 750 रुपयांपेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेता येत नाही. पहिली काही वर्षं मात्र पदरमोड करावी लागते, हे गृहीत धरूनच या.

मी पश्चिम महाराष्ट्रात जिल्हा न्यायालयात आरोपीच्या बाजूने काम करतो. नव्या मुलामुलींना माझं सांगणं एकच: खुनाच्या खटल्यातला उलटतपास ऐकायला मागच्या बाकावर गर्दी करण्याआधी दुपारी रिमांडला, म्हणजे अटकेतल्या आरोपीला कोठडी द्यायची का हे ठरतं तिथे, उभे राहा. पहिल्या चोवीस तासांत जे निसटतं, ते पुढे उच्च न्यायालयात जाऊनही सहसा हाती लागत नाही.

रिमांडची यादी, म्हणजे कोठडी मागणारा पोलिसांचा कागद, वाचायला शिका. ‘मुद्देमाल हस्तगत करणे आहे, साथीदारांचा शोध घेणे आहे, आरोपी तपासात सहकार्य करत नाही, आणखी गुन्हे उघडकीस येण्याची शक्यता आहे.’ ही वाक्यं तुम्हाला आठवड्यात पाठ होतील. पहिल्या पीसीआरला, म्हणजे पोलीस कोठडीच्या रिमांडला, ती चालून जातात. दुसऱ्यांदा तीच जशीच्या तशी आली, तर मधल्या दिवसांत काय तपास केला ते केस डायरीतून दाखवा, एवढीच मागणी करा. आवाज चढवायची गरज नाही.

आरोपीला आत नेण्याआधी व्हरांड्यात दोन मिनिटं मिळतात. तेवढ्यात तीन गोष्टी विचारा: नेमकं कधी उचललं, मारहाण झाली का, आणि अटकेची कारणं लिहून दिली का. मॅजिस्ट्रेट साहेब ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ असं विचारतात तेव्हा ज्यांनी पकडलं तेच शिपाई शेजारी उभे असतात. आरोपी ‘नाही’ म्हणतो आणि तसंच लिहिलं जातं. म्हणून जे सांगायचं ते त्याच्या वतीने तुम्हीच सांगा आणि वैद्यकीय तपासणीची मागणी लेखी द्या. अटकेच्या कारणांबाबत तर नोव्हेंबर 2025 मध्ये मुंबईतल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय: ती लेखी हवीत, आरोपीला समजणाऱ्या भाषेत हवीत, आणि लगेच देणं शक्य नसेल तर निदान रिमांडसाठी हजर करण्याच्या दोन तास आधी हवीत. सगळ्यांना एकच छापील मजकूर चिकटवलेला दिसला, तर हरकत त्याच दिवशी घ्या.

1 जुलै 2024 पासून नवे कायदे आले, पण त्याआधीच्या गुन्ह्यांचे खटले जुन्या भारतीय दंड संहितेखालीच (भादंवि) चालू आहेत. त्यामुळे जुनी-नवी दोन्ही कलमं डोक्यात ठेवावी लागतात. खुनाच्या प्रयत्नाला कागदावर नवं 109 असतं, आवारात सगळे अजून ‘तीनशे सात लागलंय’ असंच म्हणतात. खरा फरक कोठडीत पडलाय. पंधरा दिवसांची पोलीस कोठडी आता पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यातुकड्यांनी मागता येते. मग जामीन अर्जाला ‘अजून पीसीआर शिल्लक आहे’ असा से, म्हणजे सरकार पक्षाचं लेखी म्हणणं, येतो. त्यावर नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 480 वाचून दाखवा. पहिल्या पंधरा दिवसांनंतर पोलीस कोठडी लागू शकते, एवढ्याच कारणावरून जामीन नाकारता येत नाही, हे त्यातच लिहिलंय.

डायरीत प्रत्येक आरोपीचा साठावा आणि नव्वदावा दिवस लाल शाईने लिहा. पहिल्या रिमांडचा दिवसही मोजायचा असतो. गुन्ह्याप्रमाणे ठरलेल्या या मुदतीत दोषारोपपत्र आलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो; दुसऱ्या दिवशी कोर्ट उघडताच तसा अर्ज द्या आणि त्यावर दाखल केल्याची वेळ टाकून घ्या. दुपारी दोषारोपपत्र आधी आलं आणि तुमचा अर्ज नंतर, तर तो हक्क गेला. मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीचा कायदा, असेल तर हिशेब वेगळा, तिथे मुदत 180 दिवसांपर्यंत वाढू शकते. मोक्काच्या वाटेला सुरुवातीला सीनिअरशिवाय जाऊ नका.

जामीन मिळाला म्हणजे माणूस सुटला, असं समजू नका. आमच्याकडे हंगामात बीडकडची ऊसतोड मंडळी येतात. फडात भांडण होतं, कोयत्याचा वार होतो, अटक होते. पंचवीस हजारांचा जामीन आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार, असा आदेश होतो. परक्या तालुक्यात सातबारा घेऊन उभा राहणार कोण? टोळी पुढच्या फडावर गेलेली असते, बायको पोरांना घेऊन कोर्टाच्या पायरीवर. अशा वेळी आवारात घुटमळणारे धंदेवाईक जामीनदार गाठ पडतात. त्यांच्या नादाला लागू नका, कागद बोगस निघाले तर आरोपीचा जामीन जातो आणि तुमचं नावही खराब होतं. आधी रोख जामिनाचा अर्ज द्या. महिना होऊनही जामीनदार मिळाला नाही, तर न्यायालयाने अट शिथिल करण्याचा विचार करावा, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्येच सांगितलंय. आणि पहिलाच गुन्हा असेल, कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत गेला असेल, तर सुटकेसाठी त्याच संहितेचं कलम 479 आहेच. मात्र फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकापेक्षा जास्त खटले असलेल्यांना ते लागू होत नाही. तुरुंगातल्या कित्येक कच्च्या कैद्यांना हे कलम कोणी समजावूनच सांगितलेलं नसतं.

म्हणून तुरुंगात जाऊन मुलाखत घ्या. गार्ड मिळाला नाही म्हणून आरोपीला तारखेला आणत नाहीत, व्हिडिओ कॉलवर पडद्यावर दाखवतात, आणि पडद्यावर खाजगी बोलणं होत नाही.

सीनिअर मिळत नसेल तर जिल्ह्याच्या लोक अभिरक्षक कार्यालयात चौकशी करा. मोफत विधी सहाय्याचे फौजदारी खटले तिथले वकील चालवतात. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता ही मदत मिळते, त्यामुळे कामाला तोटा नसतो.

उलटतपासाबद्दल एकच गोष्ट. साक्षीदार कोर्टात काहीतरी नवं सांगतो. पोलीस जबाबात ते नाही, हे दाखवलं की ठरलेलं उत्तर येतं: ‘मी तसे सांगितले होते, ते माझ्या जबाबात का नमूद नाही याचे कारण मला सांगता येणार नाही.’ नवा वकील इथे खूश होऊन खाली बसतो. पण काम अर्धंच झालेलं असतं. हा मुद्दा पुढे तपासी अंमलदाराला विचारून शाबीत करावा लागतो. तो अंमलदार साक्षीला येईपर्यंत दोन-तीन वर्षं जातात, त्याची बदली झालेली असते, कधी तो निवृत्तही झालेला असतो. म्हणून साक्ष झाली त्याच संध्याकाळी फाईलच्या आतल्या पानावर साक्षीदाराचं नाव आणि सुटलेला मजकूर शब्दशः लिहून ठेवा. तोवर फाईल दुसऱ्या ज्युनिअरकडे गेली असली, तरी त्याला अंमलदाराला काय विचारायचं ते कळलं पाहिजे.