लातूरच्या उन्हात ख्रिसमस ट्री जगवायचं तर

नातवानं हट्टानं आणलेलं पहिलं झाड मी मारलं. रानातली काळी माती, कस असलेली, म्हटलं कमी काय पडणार! श्रावणात कुंडीला नासका वास यायला लागला. उपटलं तर मुळ्यांची साल बोटाला चिकटून आली.

दुसरं २०१५ पासून आहे, म्हणून चार शब्द सांगते. नर्सरीवाले याला अरोकेरिया म्हणतात. मूळचं नॉरफोक बेटाचं, समुद्राच्या दमट हवेतलं. १७७४ मध्ये कॅप्टन कुकनं ही उंच सरळ झाडं पाहिली आणि जहाजाच्या डोलकाठ्यांची स्वप्नं रंगवली; पुढं लाकूड त्या कामाला कुचकामी निघालं. याचाच भाऊबंद बुन्या, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या वर्षावनातला. त्याचं एकेक बोंड दहा किलोपर्यंत भरतं. साधारण तीन वर्षांनी भरघोस बहर आला की तिथले आदिवासी लांबलांबून जमायचे, बिया भाजून खायचे, सोयरिकी जुळवायचे. आपला हुरडाच की!

माती अशी करा: दोन भाग तांबडी माती, एक भाग जाड वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत. तळाला खापऱ्या. बोट दोन पेरं खुपसा, कोरडं लागलं तरच पाणी द्या. बोअरच्या क्षारानं पानांची टोकं करपतात. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी तर मुळीच ओतू नका. उडून उडून त्यात क्षारच उरतो, गवताच्या जाळीवर पांढरा थर बसलेला दिसतोच की. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं, त्या उन्हाळ्यात मी याला तांदूळ-भाज्या धुतलेल्या पाण्यावर काढलं.

मार्च ते मृग कुंडी पूर्वेच्या ओट्यावर, हिरव्या जाळीखाली. सकाळी पानांवर शिंतोडे. आठवड्याला कुंडी थोडी फिरवा, नाहीतर झाड उजेडाकडं कलतं. कुंडी बदलायची ती पहिल्या पावसानंतर, मे महिन्यात हात लावायचा नाही.

खालची फांदी वाळली तर कापून टाका, ती परत फुटत नाही. शेंड्याला मात्र जपा, तो मोडला की सरळ डौल गेलाच. आणि बाजूची फांदी खोचून नवं झाड करायला जाऊ नका. शेजारणीनं केलंय. मूळ धरलं, पण दोन वर्षं झाली, तिचं झाड वेलासारखं आडवंच चाललंय.