जीआय, कोड रेड आणि यूएसपीएच: क्रूझवर पहिल्यांदा निघालेल्यांसाठी

क्रूझच्या नोकरीची चौकशी करायला येणारी मुलं पगार विचारतात, टिप्स किती सुटतात ते विचारतात, व्हिसाच्या मुलाखतीला काय घालून जायचं तेही विचारतात. जुलाब-उलट्यांबद्दल आजवर एकानेही विचारलेलं नाही. आणि साइन ऑन झाल्यावर, म्हणजे जहाजावर रुजू झाल्यावर, पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त कानावर पडणारा विषय हाच असतो. गॅलीत (जहाजाच्या स्वयंपाकघरात), हाउसकीपिंगमध्ये, बारमध्ये, मुलांच्या प्ले एरियात, कुठंही लागा, यातून सुटका नाही. म्हणून गोव्यातून, सिंधुदुर्गातून, मुंबईतून निघणाऱ्यांसाठी हे लिहितोय. मी गॅलीत युटिलिटी म्हणून लागलो, म्हणजे भांडी आणि फरशी. त्यामुळे माझं बोलणं गॅलीकडे जास्त झुकेल.

आधी आजार समजून घ्या. जहाजावर पोटाची साथ आली की बहुतेक वेळा कारण नोरोव्हायरस असतो. अंगात शिरल्यावर १२ ते ४८ तासांत अचानक उलट्या, जुलाब, पोटात कळा. बहुतेकांना एक ते तीन दिवसांत बरं वाटतं. म्हातारी माणसं आणि लहान मुलं यांना मात्र अंगातलं पाणी कमी होऊन त्रास होतो, आणि क्रूझवर निवृत्त मंडळी भरपूर असतात. या विषाणूचे अगदी थोडे कणही आजारी पाडायला पुरतात. कठड्यावर, लिफ्टच्या बटणावर, मिठाच्या डबीवर तो कित्येक दिवस टिकतो. भिंतीवर लावलेल्या सॅनिटायझरला तो फारशी दाद देत नाही. बफेच्या दारात ‘वॉशी वॉशी’ म्हणत पाहुण्यांच्या हातावर स्प्रे मारणारा क्रू पाहून छान वाटतं, पण खरं काम साबण, पाणी आणि २० सेकंद चोळणं हेच करतं.

जहाजांवरच्या साथीच्या बातम्या मोठ्या होतात, कारण जहाजांना आकडे कळवावेच लागतात. अमेरिकेत नोंदल्या जाणाऱ्या नोरोव्हायरसच्या साथींपैकी क्रूझवरच्या जेमतेम १ टक्का. बाकीच्या वृद्धाश्रम, हॉटेलं, शाळा इथल्या. म्हणून घरच्यांना बातमी दाखवून घाबरवू नका. पण एकदा साथ पसरली की काय होतं तेही माहीत असू द्या. जानेवारी २०१४ मध्ये न्यू जर्सीहून कॅरिबियनला निघालेल्या ‘एक्सप्लोरर ऑफ द सीज’वर सहाशेहून जास्त प्रवासी आजारी पडले आणि सफर अर्धवट सोडून जहाज परत फिरवावं लागलं.

आता यूएसपीएच. हा शब्द रोज ऐकाल. अमेरिकेच्या सीडीसीचा, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण खात्याचा (आपलं खलाशाचं सीडीसी पुस्तक वेगळं, घोळ करू नका), जहाजांच्या स्वच्छतेचा कार्यक्रम १९७५ पासून चालू आहे. क्रू त्याला अजून जुन्याच नावाने, यूएसपीएच (युनायटेड स्टेट्स पब्लिक हेल्थ) म्हणून ओळखतो. परदेशातून अमेरिकन बंदरात येणाऱ्या प्रवासी जहाजांवर त्यांचे इन्स्पेक्टर न कळवता चढतात. १०० पैकी ८६ गुण मिळाले तर पास, ८५ ला नापास, आणि निकाल सगळ्या जगाला वाचता येतो. मायामी किंवा फोर्ट लॉडरडेलला सकाळी जहाज लागलं, प्रवासी उतरायला लागले आणि आय-९५ वरून (जहाजाच्या पोटातून जाणाऱ्या लांब कॉरिडॉरला क्रू हेच म्हणतो) अचानक मॅनेजर लोक धावताना दिसले, की समजायचं पाहुणे आले.

त्या दिवशी तुम्हाला काय विचारतील? मोठं काही नाही. थंड पदार्थ किती तापमानाला ठेवता? ५ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली. गरम? ५७ किंवा त्यावर. मधला पट्टा धोक्याचा. शिजवलेलं थंड करायचं तर ५७ वरून २१ वर दोन तासांत, तिथून ५ वर पुढच्या चार तासांत. बफेवर वेळेच्या हिशोबाने ठेवलेला पदार्थ चार तासांनी टाकायचा, मग तो कितीही चांगला दिसो. हे शेवटचं आपल्या माणसांना जड जातं. उरलेली कोळंबी कचऱ्यात ओतताना मालवणचा एक सहकारी अक्षरशः तोंड फिरवून उभा राहायचा. पण टाकायची म्हणजे टाकायची.

बादल्यांचंही विचारतील. तीन बादल्या: पहिलीत साबणाचं पाणी, दुसरीत साधं, तिसरीत क्लोरीनचं. रंग कंपनीप्रमाणे बदलतात, क्रम बदलत नाही. तिसऱ्या बादलीत क्लोरीन ५० ते २०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) लागतं. कमी पडलं तर जंतू मरत नाहीत, आणि जास्त ओतलं म्हणून जास्त स्वच्छ होत नाही, उलट तेही चूक धरतात. टेस्ट स्ट्रिप बुडवायची, रंग डबीवरच्या पट्टीशी जुळवायचा. मळक्या पाण्यात क्लोरीन लवकर संपतं, म्हणून गर्दीच्या वेळी बादली सारखी बदलावी लागते. डिशवॉश मशीनमधून निघताना ताटाचा पृष्ठभाग ७१ अंशांपर्यंत तापला पाहिजे, आणि तो मोजायला मशीनमधून फिरवायचा वेगळा थर्मामीटर असतो. नवीन पोरांना मशीनवरचा काटा दिसतो, त्यांना वाटतं तोच पुरे. नाही पुरत.

हात धुवायच्या सिंकमध्ये फक्त हात धुवायचे. त्यात बर्फ ओतला, फडकं पिळलं, बाटली भरली, तर गुण गेले. अंगठी साधी असेल तर चालते; कडं, घड्याळ, मनगटावरचा गंडा चालत नाही. देवीचा दोरा कापायला लागतो म्हणून भांडलेले लोक मी पाहिलेत. तो घरीच सोडून या, किंवा लॉकेटमध्ये घालून युनिफॉर्मच्या आत ठेवता येईल का ते सुपरवायझरला विचारा.

आणि लॉग. तापमानाचा तक्ता दर ठरावीक तासाला भरायचा असतो. कामाच्या गडबडीत राहिला तर शेवटी बसून सगळे ४, ४, ४ असे आकडे लिहून टाकायचा मोह सगळ्यांना होतो. इन्स्पेक्टरला अशी पानं बघायची सवय असते. सगळे आकडे सारखे दिसले की तो स्वतःचा प्रोब (टोचून बघायचा थर्मामीटर) काढतो. फ्रीज ७ वर गेला असेल तर ७ लिहा, शेजारी काय केलं ते लिहा आणि शेफला सांगा. खरा लिहिलेला बिघाड खपतो, खोटा लिहिलेला तक्ता खपत नाही. लपवाछपवीची एक गोष्ट क्रूमध्ये अजून सांगितली जाते. २०१३ साली अलास्कात स्कॅग्वे बंदरात एका आलिशान जहाजावर इन्स्पेक्शन टाळायला खाद्यपदार्थांच्या ट्रॉल्या क्रूच्या केबिनमध्ये ढकलल्या होत्या. इन्स्पेक्टर थेट केबिनमध्ये गेले. गुण ८२.

हे सगळं ट्रेनिंगमध्ये शिकवतात, आणि ते कंपनी जहाजावर फुकट देते. एसटीसीडब्ल्यूचे (जहाजावर काम करणाऱ्यांसाठीचे सुरक्षेचे) कोर्स करावेच लागतात, त्याला इलाज नाही; पण ‘यूएसपीएच सर्टिफिकेट’ म्हणून वेगळे पैसे मागणाऱ्यांपासून जपून राहा. वरचे आकडे पाठ असले की मुलाखतीपुरतं भागतं.

ट्रेनिंगमध्ये सांगूनही कोणी ऐकत नाही अशी गोष्ट म्हणजे स्वतःचं पोट बिघडल्यावर काय करायचं. २४ तासांत तीन किंवा जास्त पातळ जुलाब, किंवा उलटी आणि सोबत एखादा जुलाब, ताप, पोटदुखी, डोकेदुखी, अंगदुखी यांपैकी काही, ही जीआय (गॅस्ट्रोइंटेस्टायनल, म्हणजे पोटाची) केस. लगेच मेडिकलला फोन करायचा. चालत जायचं नाही, मेसमध्ये जेवायला तर अजिबात नाही. मग तुम्हाला केबिनमध्ये बंद ठेवतात. अन्न हाताळणारा असाल तर सगळी लक्षणं थांबल्यावर आणखी ४८ तास, बाकीच्यांना २४ तास. केबिनमधल्या जोडीदाराचीही विचारपूस होते, त्याच्यावर नजर ठेवतात.

लोक लपवतात ते पैशासाठी. आजारपणात जहाजावर असेपर्यंत मूळ पगार द्यावाच लागतो, २००६ च्या मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शनमध्ये ते आहे. पण वेटरची टिप्सची कमाई, बारवाल्याचं कमिशन हातचं जातं, आणि शिवाय आपली टेबलं दुसऱ्याच्या अंगावर पडतात म्हणून संकोच. मग आईने बॅगेत घातलेली जुलाब थांबवायची गोळी निघते. ही गोळी जहाजावर मेडिकलशिवाय कोणी द्यायची-विकायची नाही असा नियम आहे, आणि त्यामागे अक्कल आहे: गोळीने जुलाब थांबतो, विषाणू बाहेर पडायचा थांबत नाही. बरं वाटतंय म्हणून तुम्ही ब्रेड बास्केट भरता आणि तो पुढे जातो. माझ्या एका केबिनमेटने असंच दोन दिवस ढकललं. नंतर तपासात कळलं, तेव्हा त्याला लेखी वॉर्निंग मिळाली. आजारी पडल्याबद्दल नव्हे, न कळवल्याबद्दल. लिखित नोंद कॉन्ट्रॅक्ट संपल्यावरही फाइलमध्ये राहते. आजारपणाने कुणाचं पुढचं कॉन्ट्रॅक्ट अडलेलं मी पाहिलं नाही. घरून काही न्यायचंच तर ओआरएसची पाकिटं न्या.

अशा दोन-चार लपवलेल्या केसेसनी आकडा फुगतो. अमेरिकन बंदरात शिरण्याआधी जहाजाला जीआय केसेसचा आकडा कळवावा लागतो, शून्य असला तरी. प्रवाशांमध्ये किंवा क्रूमध्ये २ टक्के झाले की खास कळवायचं, आणि ३ टक्के झाले की साथ म्हणून जाहीर होतं. जहाज त्याच्या आधीच कोड रेडवर, म्हणजे साथीच्या कडक नियमांवर, जातं. कंपनीगणिक नाव वेगळं असेल, काम तेच. बफेवर पाहुण्यांनी चमचा हातात घ्यायचा नाही, तुम्ही वाढायचं. टेबलावरून मीठ-मिरी, मेन्यूकार्डं गायब. कठडे, दरवाजांच्या मुठी, लिफ्ट, कसिनोतल्या चिप्स सतत पुसायच्या. अशा दिवसांत कामाचे तास वाढतात, आणि वाढले तरी २४ तासांत १० तास विश्रांती तुमचा हक्क आहे. तासांची नोंद स्वतः बघून मगच सही करा.

कुणी डेकवर उलटी केली तर फडकं घेऊन धावू नका. नव्या मुलांचा हा चांगुलपणाच घात करतो. उलटीचे बारीक थेंब हवेत उडतात. आधी लोकांना लांब करायचं, फोन करायचा. ज्यांना शिकवलंय ते गाऊन, मास्क, दोन जोडी ग्लोव्ह्ज घालून येतात, वर शोषणारी पावडर टाकतात, बाहेरून आत गोळा करतात, मग जास्त तीव्रतेचं जंतुनाशक मारून ठरलेली मिनिटं ओलं ठेवतात. ओलं ठेवणं महत्त्वाचं. लगेच कोरडं पुसलं तर सगळी मेहनत पाण्यात. शेजारच्या बफेवरचं उघडं अन्न तर टाकूनच द्यायचं.

केबिनमध्ये लाडू-चिवड्याचे डबे साठवू नका. झुरळ एकदा शिरलं की केबिन तपासणी मागे लागते आणि डबा कचऱ्यात जातो. सुटं काही नेऊ नका, बंद पाकिटं थोडी चालतात, तेही जहाजाचे नियम विचारून.

जॉइनिंगच्या दिवशी गँगवेवर (जहाजात चढायच्या पुलावर) चढण्याआधी एक फॉर्म देतात: गेल्या काही दिवसांत उलटी, जुलाब झाले का? घरून निघायच्या आधी पोट बिघडलं असेल तर विमानात बसण्यापूर्वीच मॅनिंग एजंटला, म्हणजे तुमची भरती करणाऱ्याला, कळवा. तो वैतागेल, चार शब्द ऐकवेल, पण बहुतेक वेळा तारीखच पुढे ढकलली जाते. मायामीत उतरून फॉर्मवर खरं लिहिलंत तर हॉटेलात थांबावं लागेल, खोटं लिहिलंत आणि दुसऱ्या दिवशी पकडले गेलात तर तिकीट परतीचं. निरोपाच्या जेवणावळी आठवडाभर आधी उरकून घ्या, आणि विमानतळावर जाताना हायवेवरच्या गाडीवरचा रगडा-पॅटिस यावेळी राहू दे.