किल्ली हातात दिसल्याशिवाय शिडीकडे जायचं नाही

स्कूबा डाइव्हिंगमधला डाइव्हमास्टरचा, म्हणजे पाण्याखाली गट घेऊन जाणाऱ्या गाइडचा, कोर्स करत होते तेव्हाची गोष्ट. दोन नवशिक्यांना घेऊन पाच मीटर खोलीवर सेफ्टी स्टॉपला, म्हणजे वर येण्याआधीच्या तीन मिनिटांच्या थांब्याला, थांबले होते. तीन मिनिटं पूर्ण होत आली आणि कानात बारीक, चिरकी घरघर सुरू झाली. उजवीकडे वळून पाहिलं, डावीकडे पाहिलं. काहीच नाही. आवाज जरा बसला तशी बोट लांब गेली असं मी धरून चालले आणि अंगठा वर करून निघायची खूण केली. मी जेमतेम हात-दीड हात वर सरकले असेन, तेवढ्यात खाली असलेल्या माझ्या प्रशिक्षकांनी पायातला फिन (पोहण्याचा पंजा) धरून मला खेचलं. पुढच्याच क्षणी बोटीचा पांढरा तळ डोक्यावरून सपकन गेला. मागे बुडबुड्यांचा रुपेरी पट्टा राहिला, आणि तो विरून जाईपर्यंत आम्ही चौघं हलू शकलो नाही.

या क्षेत्रात काम करायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी सांगते, कारण नवीन माणसाची सगळी भीती खोलीकडे लागलेली असते. हवा संपेल का, कान दुखतील का, खाली काही भेटेल का. बोटीच्या बाबतीत मात्र उलट आहे. जितकं वर याल तितका धोका वाढतो, आणि शेवटच्या पाच मीटरमध्ये आपण सगळ्यात निर्धास्त असतो.

त्या दिवशी माझा कान का फसला, ते मला नंतर समजलं. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पाण्यात सुमारे १५०० मीटर. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत पोचायला त्याला जो किंचित वेळ लागतो, त्यावरून मेंदू दिशा ओळखतो. पाण्यात तो फरक इतका कमी होतो की आवाज चहूकडून येतोय असंच वाटतं. बोट आहे एवढं कान सांगतात. कुठे आहे, जवळ येतेय की लांब जातेय, याचा भरवसा देत नाहीत. आवाज कमी झाला म्हणजे बोट गेली असंही नाही. चालकाने वेग कमी केला असेल आणि बोट तुमच्याच दिशेने सरकत असेल. शिडाच्या बोटीला तर आवाजच नसतो. म्हणून आवाज ऐकू येत असताना मी वर जातच नाही. हवा पुरेशी असेल तर जिथे आहे तिथे थांबते, किंवा थोडी खाली जाते. टाकीत ५० बार (हवेच्या दाबाचं माप) शिल्लक ठेवून वर यायचं असं शिकवतात ना, त्यातली थोडी हवा या थांबण्यासाठीही असते. ती प्रवाळ बघण्यात संपवू नका.

‘वर बघत, हात वर धरून, गोल फिरत या’ हे सगळे शिकवतात आणि ते बरोबरच आहे. पण एक हिशोब करून बघा. मिनिटाला ९ मीटर या गतीने पाच मीटर वर यायला अर्धा मिनिट लागतो. २० नॉटने येणारी बोट सेकंदाला सुमारे १० मीटर कापते. म्हणजे निघताना ३०० मीटरवर असलेली बोट, जी पाण्याखालून दिसणं शक्यच नाही, ती तुम्ही वर पोचता त्याच वेळी तिथे पोचते. पाण्यातली नजर १५ मीटर असेल, तर ती दिसल्यापासून अंगावर येईपर्यंत दीड सेकंद मिळतो. दीड सेकंदात माणूस काय करणार? म्हणून तुम्हाला बोट दिसण्यापेक्षा बोटीने तुम्हाला आधी बघितलेलं असणं जास्त महत्त्वाचं.

त्यासाठी सरफेस मार्कर बॉय, म्हणजे नारिंगी किंवा लाल रंगाची ती लांब फुगवायची नळी. ती बॅगेत घडी घालून नेणारे खूप बघितलेत. स्टॉप सुरू करण्यापूर्वीच सोडायची, वर आल्यावर फुगवायची नाही. दहा मीटरवरून सोडत असाल तर अर्धीच भरा. दाब निम्मा झाला की हवा दुप्पट होते आणि वर पोचेपर्यंत ती ताठ उभी राहते. आखूड बॉय लाटांत दिसत नाही, तेव्हा माणसाच्या उंचीएवढा तरी घ्या. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते: रील, म्हणजे बॉयची दोरी गुंडाळलेली चकती, अंगाला कधीही क्लिप करू नका. दोरी एखाद्या बोटीच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) अडकली तर रील हातातून सोडून देता आली पाहिजे. बीसीडीला, म्हणजे अंगातल्या फुगवता येणाऱ्या जॅकेटला, अडकवलेली रील तुम्हाला बरोबर घेऊन जाईल.

झेंड्यांबद्दल थोडं. पांढरा-निळा, टोकाला खाच असलेला अल्फा झेंडा म्हणजे ‘माझा पाणबुड्या पाण्यात आहे, लांब राहा, वेग कमी ठेवा’. समुद्रावरील टक्कर टाळण्याच्या १९७२च्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे, डाइव्हिंग चालू असताना छोट्या बोटीने या झेंड्याची किमान एक मीटर उंच, ताठ प्रतिकृती चारही बाजूंनी दिसेल अशी लावायची असते. लाल झेंड्यावर तिरका पांढरा पट्टा असेल तर तो स्वतः डायव्हरची जागा दाखवतो. फ्लोरिडात त्याच्यापासून खुल्या पाण्यात ३०० फूट आणि चॅनेलमध्ये १०० फूट लांब राहायचा प्रयत्न बोटींनी करावा असा नियम आहे, आणि डायव्हरनेही तेवढ्याच अंतरात राहायचं असतं. पण झेंडा बोट थांबवत नाही, तो फक्त सांगतो, आणि वाचणाऱ्याला वाचता आला तरच. गायिका कर्स्टी मॅक्कॉल १८ डिसेंबर २००० रोजी मेक्सिकोतल्या कोझुमेलला मुलांबरोबर डाइव्ह करून वर येत होत्या. ती जागा डायव्हरसाठी राखीव होती. तरीही वेगात आलेल्या बोटीखाली त्या गेल्या. शेवटच्या क्षणी त्यांनी मुलाला बाजूला ढकललं होतं. राखीव पाण्यातही मी बॉय सोडते, त्याचं कारण हे.

आता पंख्याबद्दल. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला ३२०० फेऱ्यांनी फिरत असेल तर एका सेकंदात १६० वेळा पातं त्याच जागेवरून जातं. लागल्याचं कळून हात मागे घेऊ, एवढा अवधी तिथे नसतो. बोट पुढे जाताना पंखा पुढचं पाणी ओढून मागे फेकतो, रिव्हर्समध्ये मागचं पाणी स्वतःकडे ओढतो. म्हणजे बोट मागे येत असताना तिच्या मागे तरंगणारा माणूस पंख्याकडेच ओढला जातो. शिवाय सुकाणू वळवलं की बोटीचं मागचं टोक बाहेरच्या बाजूला झुकतं. बाजूने जाईल असं वाटणारी बोट शेपूट मारते. आणि पुढचं टोक उचललेलं असेल तर चालकाला अगदी नाकासमोरचं पाणी दिसत नाही. तुम्हाला त्याचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही, असंच धरा.

दुसरा प्रसंग याच बाबतीतला, आणि तो मला पहिल्यापेक्षा जास्त बोचतो, कारण तेव्हा मी गाइड होते. आम्हाला घ्यायला बोट आली. चालक ओरडला, “न्यूट्रल आहे, या!” शिडी मागच्या बाजूला, पंख्यापासून हातभर अंतरावर. पहिल्या मुलीला पुढे करण्याआधी मी सवयीने पाण्यात तोंड घालून बघितलं. पंखा फिरत होता. सावकाश, एकेक पातं मोजता येईल इतका सावकाश, पण फिरत होता. काही गिअरबॉक्समध्ये न्यूट्रलला टाकूनही पंख्याला थोडी गती मिळत राहते, आणि एखाद्याचा धक्का लागून गिअर पडायला वेळ लागत नाही. मी हात वर करून सगळ्यांना मागे थांबवलं. चालक वैतागला. त्याचं म्हणणं, तो वर्षानुवर्षं असंच करतोय.

तेव्हापासून हे बोलणं मी पाण्यात करत नाही, निघण्यापूर्वी काठावर करते. नवीन गाइडला हे जड जातं. बोट चालवणारा वयाने मोठा, अनुभवी. त्याला आपण काय सांगायचं असं वाटतं. आदराने सांगा, पण सांगा. किती जण पाण्यात जाणार, कुठून कुठे, किती वेळ, प्रवाह कुठल्या बाजूला, बॉय दिसला की किती लांब थांबायचं. इंजिन सुरू करायची परवानगी एकाच माणसाने द्यायची, आणि तीही नावं घेऊन मोजणी झाल्यावर. आकडा पुरत नाही. एक जण चुकून दोनदा मोजला जातो.

वर आल्यावर आधी बीसीडी फुगवा, मग पूर्ण गोल फिरून बघा. मास्क डोळ्यांवर आणि रेग्युलेटर (टाकीतली हवा देणारं तोंडातलं उपकरण) तोंडात, बोटीत बसेपर्यंत. घोळका करून राहा. चार डोकी एकत्र दिसतात, एकटं डोकं लाटेत हरवतं. बोटीकडे पोहत जाऊ नका, ती येऊन थांबू दे. शिडीला हात घट्ट लागल्यावरच फिन्स काढा, आणि कुणी चढत असेल तर त्याच्या खाली थांबू नका; टाकीसकट माणूस निसटतो.

बोटीत टॉर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायला आवळायचा पट्टा, असतो का, हे पहिल्या दिवशीच विचारा आणि तो हाताळून बघा. पंख्याची जखम समांतर, खोल कापांची असते आणि रक्त झपाट्याने जातं. थेट दाब द्यायचा. हातापायाचा रक्तस्राव त्याने थांबत नसेल तर जखमेच्या वर, सांधा सोडून टॉर्निकेट आवळायचा आणि वेळ लिहून ठेवायची.

सध्या ज्यांच्या बोटीवर मी काम करते त्या काकांशी माझं ठरलेलं आहे. बोट आमच्यापासून थोड्या अंतरावर येऊन थांबते, इंजिन बंद होतं. मी तोंड पाण्यात घालून पंखा बघते. वर बघते तेव्हा काकांचा हात उंच असतो आणि त्यात किल्ली असते. मग मी पहिल्या माणसाच्या खांद्याला हात लावून त्याला शिडीकडे पाठवते.